फुलं उतरली, पण झाड उपटवत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं घर लोकमान्य नगरला, पुढे छोटीशी बाग आहे, दोन क्याऱ्या आणि बाकी कुंड्या. दिवाळीच्या सुमारास लावलेले पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंड्युला, हॉलिहॉक, डेलिया यंदा इतके फुलले की येणारे-जाणारे फाटकाशी थांबायचे. आता रंगपंचमी झाली आणि सगळं उतरायला लागलंय, खालची पानं पिवळी, वर मात्र एखाद-दुसरं फूल अजून आहे. सासूबाई म्हणतात पाडव्याच्या आत क्यारी साफ कर, दारात गुढी आणि बाजूला वाळकी झाडं, बरं दिसतं का ते? माळीदादा दहा मिनिटांत सगळं उपटून देतील पण मीच त्यांना "पुढच्या आठवड्यात या" म्हणून परत पाठवते. फूल असलेल्या झाडाला हात लावायचा जीवच होत नाही. हा वेडेपणा आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : वेडेपणा कसला, अहो चार महिने रोज पाणी घातलंय तुम्ही त्याला, वाईट वाटणारच. पण सासूबाईंचंही चूक नाही आणि तुमचंही नाही, फक्त दोघी सगळ्या क्यारीला एकच झाड समजताय. एकदा सकाळी चहा घेऊन क्यारीपाशी बसा आणि कोण खरंच संपलंय, कोण बी धरतंय आणि कोण जमिनीखाली काम करतंय ते बघा, मग अर्धा प्रश्न सुटतो.

आधी पिटुनिया. हे हंगामी झाड, बी धरलं की त्याच्या दृष्टीने काम झालं, मग नवीन कळ्या काढायचं मनावर घेत नाही. म्हणून तर जानेवारी-फेब्रुवारीत सुकलेली फुलं रोज खुडायला सांगतात. आत्ता जे हिरवं असेल ते अर्ध्यावर छाटा, शेणखताचं पाणी द्या, दुपारची सावली मिळाली तर अजून एक बहर मिळू शकतो. जे तळापासून वाळलंय ते काढाच. आणि त्याचं बी नाही जपलं तरी चालेल, नर्सरीतला पिटुनिया बहुतेक हायब्रिड असतो, पुढच्या वर्षी तोच रंग येईल याची काही गॅरंटी नाही.

फ्लॉक्स, कॅलेंड्युला आणि हॉलिहॉकला मात्र थोडं थांबा, पण सगळ्यांसाठी नाही हं, प्रत्येकातली चांगली दोन-तीन झाडं निवडा, त्यांना सुतळी बांधून ठेवा म्हणजे माळीदादांना कळेल, बाकीची जाऊ द्या. कॅलेंड्युलाचं बी बघितलंय का कधी जवळून? अळीसारखं वाकडं, पाठीवर खरखरीत काटे, हिरवं असताना तोडलं तर फुकट, तपकिरी होऊन हात लावताच सुटलं की समजा तयार. हॉलिहॉकच्या बोंडात चपट्या चकत्या गोल लावून ठेवलेल्या असतात, एकेक सुटी होते. फ्लॉक्स जरा वात्रट, त्याचं बोंड वाळलं की उन्हात फटकन फुटतं आणि बी लांब उडतं, म्हणून त्यावर आधीच मलमलच्या कापडाची पुरचुंडी बांधा. बी सावलीत चांगलं वाळवायचं, कागदाच्या पाकिटात घालून वर नाव-महिना लिहायचं, स्टीलच्या डब्यात बंद. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल राहिली तर बुरशी येते. पाऊस संपला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपं टाकायची.

एक सांगून ठेवते, बी गोळा करायच्या हौसेत कुणी "फार सुंदर पॉपी आहे" म्हणून खसखशीचं बोंड दिलं तर घेऊ नका. आपल्या शेजारी नीमच-मंदसौरला अफूची शेती होते तीसुद्धा सरकारी लायसन्सवर, घरच्या कुंडीत लावणंही गुन्हाच आहे.

आता डेलिया. वरून मेल्यासारखा दिसतो पण खाली कंद आहेत आणि पानं हिरवी आहेत तोवर ती कंदाला पोसतायत. पानं पिवळी पडू द्या, मग वीतभर दांडा ठेवून कापा आणि कंद सावकाश खणून काढा. वाटायचे असतील तर प्रत्येक तुकड्याला जुन्या दांड्याचा भाग आणि डोळा हवा, नुसता जाड कंद उगवत नाही. सावलीत सुकवून कोरड्या वाळूत ठेवा. आपली काळी माती पावसात इतकी चिकट होते की जमिनीत राहिलेला कंद बहुधा सडतो.

आणि हो, काढताना उपटू नका, जमिनीलगत कात्रीने कापा. मुळं आत कुजली की माती मोकळी राहते, नाहीतर एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडतातच. कापायच्या आधी हॉलिहॉकच्या आसपास एखादं लोंबतं घरटं नाही ना तेही बघा, याच दिवसांत शिंजीर घरटी करतो.

तरीही मन होत नसेल तर पाण्याचा विचार करा. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने चढवून आपल्या नळाला येतं, तेही कितीतरी भागांत एक दिवसाआड, आणि ते वाळक्या पिटुनियाला घालायचं? त्या जागी झिनिया, ऑफिस टाइम किंवा बटण फूल लावा, झिनिया बियांपासून साधारण दोन महिन्यांत फुलतो. राहिली ती एक-दोन फुलं पाडव्याच्या दिवशी तोडून वाटीत पाण्यात ठेवा, सासूबाईही खूश.

प्रश्न : छाटलेलं सगळं सकाळच्या कचरागाडीत द्यायचं की घरीच खत करायचं?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : गाडीत दिलं तरी ओलं वेगळं द्या, शहराचा ओला कचरा देवगुराडियाला जातो, तिथे 2022 पासून त्याचा गॅस बनतो, सुरू झाला तेव्हा त्या प्लांटची रोज 550 टनांची क्षमता होती. पण जागा असेल तर घरी करा. दांडे बोटभर कापा, एक थर हिरवा एक थर वाळक्या पानांचा, वर थोडं ताक किंवा जुनं खत शिंपडा, ओलसर ठेवा, पाणी साचू देऊ नका. फक्त पांढरी भुरी आलेली झाडं, कॅलेंड्युलावर हमखास येते, ती यात घालू नका, ती सरळ गाडीला द्या.