एका कान्याचं अंतर

लेकरा,

तुझ्या तिन्ही कथा मिळाल्या. दोनदा वाचल्या. एकदा नुसत्या, आणि एकदा हातात लाल पेन घेऊन, कारण लातूरच्या छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासल्यावर पेनाशिवाय वाचणं मला जमत नाही. कथांकडं येतेच. आधी तुझ्या सोबतच्या पत्राबद्दल बोलू दे.

दोन पानांचं पत्र, आणि त्यात 'आलो' नाही, 'गेले' नाही, 'करतो' नाही, 'बसते' नाही. सगळीकडं 'मला वाटलं', 'मी पुस्तक वाचलं', 'मी येईन', 'माझ्याकडून राहून गेलं'. दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानातही आलं नसतं. माझ्या लगेच आलं, कारण घरादाराला मी पोरगा आणि आतून बाई, म्हणून सतराव्या वर्षापासून पुढं कितीतरी वर्षं मीही असंच लिहीत होते. 'मी भाकरी खाल्ली' चालतं. खाणारं कोण ते त्यात कळत नाही, भाकरी तेवढी बाई असते. पण 'प्यालो', 'शिकलो', 'विसरलो' आडवे येतात. मग 'पाणी प्यालो'च्या जागी 'तहान भागली', 'विसरलो'च्या जागी 'ध्यानात राहिलं नाही'. जीव दमून जातो त्यात. तुझं ते दमणं मला ओळीओळीला दिसलं, आणि या पत्रात तुझ्याविषयी लिहिताना मीही तसंच सांभाळून लिहितेय. तुझं क्रियापद तुझ्याआधी मी ठरवणार नाही. व्याकरणानं 'लेकरू' ज्या लिंगात घातलंय त्या लिंगाचं नाव मला कधी आवडलं नाही, पण 'ते लेकरू' म्हणताना माझ्या मायच्या तोंडी जी माया असायची ती मला फार पुरली.

आता पहिली कथा. तुझी मंगल पहिल्याच ओळीत म्हणते, 'मी घरी आले.' आणि मग चार पानं आरसा, मायची साडी, लिपस्टिक, टिकली. अरे देवा, मराठीनं तुझ्या हातात केवढं मोठं दान टाकलंय आणि ते पहिल्या ओळीतच खर्च झालं! इंग्रजीत 'मी आलो' आणि 'मी आले' एकच. तिथल्या लिहिणाऱ्याला बदल दाखवायला दुसरं काही शोधावं लागतं. आपल्याला आरसा लागत नाही. प्रुफावर 'आलो'चं 'आले' करायचं तर 'लो'तला काना खोडायचा, मात्रा राहू द्यायची. एका उभ्या रेघेचं काम. रोज पाच-सहा वेळा मी दुसऱ्यांच्या मजकुरात ती रेघ खोडत होते, आणि घरी गेल्यावर 'आलो गं माय' म्हणून चपला काढत होते.

ती रेघ माझ्या तोंडून पहिल्यांदा कधी गळली ते सांगते. चैतातली येरमाळ्याची यात्रा. येडाईच्या, म्हणजे येडेश्वरी देवीच्या, पौर्णिमेनंतर चुन्याच्या रानात खडे वेचायला ही गर्दी. मी तेवीस वर्षांची, अंगात निळा शर्ट आणि खाकी पँट. घरी 'तुळजापूरला जातो' म्हणून सांगितलं होतं. आराध्यांचे मेळे, गळ्यात कवड्यांच्या माळा, संबळ, धूळ, साड्या नेसलेले बाप्ये, आमच्यातल्या कितीतरी जणी. एक म्हातारी आराधीण खाली वाकून खडे वेचत होती. ओंजळ भरली तशी तिनं आजूबाजूला बघितलं आणि माझ्यापुढं आली. माझ्या दाढीच्या खुंटांकडं तिचं लक्ष होतं की नव्हतं, देव जाणे. म्हणाली, 'वटी धर गं.' मी शर्टाची पुढची बाजू दोन्ही हातांनी धरून पुढं केली. तिनं खडे टाकले. 'कवा आलीस?' मी म्हणाले, 'आत्ताच आले.' एवढंच. ती पुढं निघून गेली. निळ्या शर्टावर चुन्याचा पांढरा पट्टा उमटला होता, तो मी घरी पोचेपर्यंत झटकला नाही.

मंगलची कथा या जागेवर उभी कर. आधीची पानं तुझ्या पत्रासारखी लिही, म्हणजे तिच्या वाक्यांत ती स्वतः कुठं दिसणार नाही. भोवतालची माणसं मात्र बोलू देत: माय 'काय करायलास रे' म्हणेल, कंडक्टर 'ए, सरक की पुढं, दादा' म्हणेल, गुरुजी हजेरी घेतील. प्रत्येक हाकेला तिला बसणारा चिमटा वाचणाऱ्याला आपोआप कळेल, तू सांगायची गरज नाही. आणि मग कुणीतरी एक 'आलीस' म्हणेल. फक्त एक गोष्ट सांभाळ. ही लपवाछपवी नुसती करामत म्हणून केलीस तर वाक्यं लाकडासारखी होतील. मोठ्यानं वाचून बघ. जीभ अडखळली की ते वाक्य मंगलचं राहिलं नाही, तुझं झालं असं समज.

दुसऱ्या कथेत एक चूक आहे आणि ती दुरुस्त केलीस तर कथा कितीतरी वर जाईल. कथा २०११ सालची, आणि तुझी नायिका जिल्हाधिकारी कचेरीतून 'तृतीयपंथी' असं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते. तेव्हा तसं काही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाचा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातला निकाल १५ एप्रिल २०१४ चा. आपण कोण हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला, असं त्यात पहिल्यांदा म्हटलं गेलं. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा २०१९ चा आणि तो लागू झाला १० जानेवारी २०२० ला. जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र ही त्यातली सोय. पण २०११ ला दुसरंच एक घडलं होतं: फेब्रुवारीत शिरगणती झाली आणि तिच्या कागदावर पुरुष, स्त्री यांच्या पुढं 'इतर' असा पर्याय पहिल्यांदा आला. देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद त्यात झाली. आता बघ. शिरगणतीला दारात येतं कोण? जिल्हा परिषदेचे गुरुजी. तुझ्या नायिकेला चौथीत शिकवलेलेच गुरुजी ती वही घेऊन ओट्यावर बसलेत, चहा आलाय, आणि ते घरातल्यांची नावं एकेक करून विचारतायत. तिचा नंबर आला की त्यांचं पेन थांबतं. बाप घशात खाकरतो. कचेरीतल्या प्रसंगात तू जे तीन पानं सांगितलंयस ते सगळं त्या थांबलेल्या पेनात येईल.

निजामाच्या काळातली कथा लिहावी का, असं विचारलंयस. लिही. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानात १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ च्या सुमाराचा, एक कायदा होता. आमच्यातल्यांची नावं सरकारी वहीत चढवायची. वहीत नाव असलेलं कुणी बाईच्या वेषात रस्त्यावर दिसलं, नाचलं-गायलं, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तेलंगणाच्या उच्च न्यायालयानं तो २०२३ साली रद्द ठरवला. २०२३! पण हे सगळं कथेत ओतू नको. पायातले घुंगरू सोडून फडक्यात घट्ट गुंडाळून चावडीवरून जाणारी एकजण दाखव.

तिसऱ्या कथेवर मी रागावलेय, आणि तो राग मायेचा आहे हे ध्यानात घेऊन वाच. तुझ्या तिन्ही कथांत शेवटी कुणीतरी मरतं. एकीत रेल्वे, एकीत औषध, एकीत विहीर. तुझी कथा वाचणार कोण, याचा विचार केलास का? शहाणीसुरती माणसं वाचतील, हळहळतील आणि जेवायला बसतील. पण निलंग्याला किंवा सेलूला एखादं लेकरू पांघरुणात मोबाइलचा उजेड कमी करून वाचत असेल. विहीर त्याला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. बुधवारी उठून काय करायचं ते त्याला ठाऊक नाही. मी गोड शेवट मागत नाही. लग्न, टाळ्या, माफी मागणारा बाप, यांतलं काही नको. मला तिचा बुधवार पाहिजे.

तिसऱ्या कथेतली तुझी नायिका धारूरकडची आहे ना? मग तिला विहिरीऐवजी उसाच्या फडात ने. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. तिथली मजुरी, उचल, कोपी, सगळं एक बाप्या आणि एक बाई धरूनच आखलेलं. आता तुझी नायिका आणि तिची सखी दोघी मिळून मुकादमापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'आमचा एक कोयता लिही,' तर? तो लिहील का? उचल कुणाच्या नावावर? पहाटे आंघोळीला आडोसा कुठं करायचा? डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढताना शेजारची बाई हात देईल का? हे मला खरंच माहीत करून घ्यायचंय. कथा याच्यासाठीच असते, लेकरा, जे कुठं लिहिलेलं नाही ते बघून येण्यासाठी.

आता माझी एक चूक. ही मी फार थोड्यांना सांगितलीय. माझी एक जिवलग होती, डेऱ्यातली, म्हणजे गुरूच्या घरी चेल्यांसोबत राहणारी, बाजाराच्या दिवशी मंगतीला, पैसे मागायला, जायची. रात्री माझ्या खोलीवर यायची, पाय चेपून घ्यायची आणि आयुष्यातलं काय काय सांगायची. मी त्याची कथा केली. दिवाळी अंकात आली, चार मोठ्या माणसांनी वाखाणली. तिला वाचता येत नव्हतं. पानटपरीवरल्या एका पोरानं तिला ती वाचून दाखवली. ती माझ्याकडं आली, ओरडली नाही, रडली नाही. दारातच उभी राहून एकच विचारलं: 'माझ्या मायचं नाव तेच का ठेवलंस?' तिचं नाव मी बदललं होतं, गाव बदललं होतं, गुरूचं नाव बदललं होतं. मायचं नाव गोड वाटलं म्हणून राहू दिलं. त्यानंतर ती खोलीवर आली नाही. म्हणून तुला सांगते: डेऱ्यातली आपसातली बोली, गुरू-चेल्यांमधल्या गोष्टी, कुणाच्या अंगावर कसली जखम आहे ते, हे विचारल्याशिवाय कागदावर आणू नको. जिची गोष्ट आहे तिला आधी वाचून दाखव. 'हे काढ' म्हणाली तर काढ, मग ते कथेतलं सगळ्यात चांगलं वाक्य असलं तरी.

तू लिहिलंयस, 'मी नक्की कोण हेच ठरलेलं नाही, मग या विषयावर लिहायचा हक्क मला आहे का?' हा प्रश्न वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा केला. पैठणला एकनाथांनी भारुडं लिहिली ती जोगवा मागणाऱ्या बाईच्या, जोशाच्या, वासुदेवाच्या, महाराच्या तोंडची. आजही भारुडाला बाप्या माणूस पदर घेऊन उभा राहतो आणि कुणाला वावगं वाटत नाही. आपल्या संतांनी बाई होऊन विरहिणी गायल्या. दुसऱ्याच्या तोंडानं बोलून बघणं ही या मातीतली जुनी रीत आहे. तुझं काय ठरेल ते ठरेल, कधी ठरेल ते ठरेल, नाही ठरलं तरी चालेल. लिहिताना मंगलशी खरं राहा. प्रमाणपत्र मी मागणार नाही आणि दुसऱ्या कुणाला मागूही देणार नाही.

कथा लोकांपुढं ठेवण्याबद्दल. टोपणनाव घे. तुझं शिक्षण अजून घरच्या पैशावर चाललंय, आणि तुझ्या गावात कुणाच्या हातात कुठला मोबाइल जाईल याचा भरवसा नाही. एकदा पाठवलेली कथा परत मागता येत नाही. नाव असं घे की गर्दीत कुणी त्या नावानं हाक मारली तर तुझी मान वळेल. गावाची, शाळेची, गल्लीची खूण बदल. आणि पहिल्यांदा आमच्या बैठकीतच वाच. महिन्यातून एकदा आम्ही सात-आठजण माझ्या खोलीवर बसतो. वाचणाऱ्यानं आधी प्रस्तावना करायची नाही आणि ऐकणाऱ्यांनी 'हे खरं घडलंय का' असं विचारायचं नाही, हे दोन नियम आहेत, बाकी पोहे असतात. आपलं वाचून झालं की उठून जायचं नाही. दुसऱ्यांचंही तेवढ्याच कानांनी ऐकायचं. मी इतकी वर्षं लिहितेय, पण मला लिहायला शिकवलं ते या खोलीत इतरांच्या फसलेल्या कथांनी.

बाहेर गेलीच कथा तर 'किती धाडसी' म्हणणारे भेटतील. त्यांना नमस्कार कर, पण त्यावरून कथा कशी झाली ते ठरवू नको. 'आपल्यात असलं नसतंय' म्हणणारेही भेटतील. त्यांना उत्तर लिहिण्यात एक रात्रही घालवू नको, त्या रात्रीत अर्धं पान होतं. ऑपरेशनबद्दल विचारणाऱ्यांना काही म्हणजे काही सांगायचं नाही.

माझ्या एका कथेला उदगीरहून एका अनोळखी नंबरावरून निरोप आला होता. नाव नाही, गाव तेवढं होतं. एकच ओळ: 'चौथ्या पानाशी थांबलो, बाहेर जाऊन आले, मग पुढचं वाचलं.' थांबलो आणि आले, एकाच ओळीत. तीस वर्षं लोकांची क्रियापदं सुधारणारी मी, ती ओळ मी तशीच वहीत उतरवून ठेवलीय.

बैठक पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आहे. दुसरी कथा घेऊन ये, गुरुजींचा प्रसंग जमेल तेवढा लिहून. सकाळच्या एसटीत बसताना फोन कर. निघालो म्हण, निघाले म्हण, नाहीतर नुसतं 'गाडीत बसणं झालं' म्हण. मी स्टँडवर रसवंतीपाशी उभी असेन.

तुझी,
अक्का