बिअर वीकला पहिल्यांदाच जातोय. इतक्या क्राफ्ट बिअर चाखायच्या कशा?

तुम्ही विचारलंय की आजवर नेहमीची लागरच (सगळीकडे मिळते ती फिकट, हलकी बिअर) प्यायलीय, पुढच्या आठवड्यात शहरात बिअर वीक आहे, पन्नासच्या वर बिअर नळावर असणार, तर सुरुवात कुठून करायची. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीत, की मागे एकदा आयपीए (इंडिया पेल एल, कडवटपणासाठी ओळखली जाणारी बिअर) घेतली होती, ती फार कडू लागली, तर तुमच्या जिभेतच काही कमी आहे का. खरं तर या ओळीसाठी मी उत्तर लिहायला बसले. जिभेत काहीही कमी नाही. कडू चव आली की अंग आक्रसून घेणं हा आपल्या शरीराचा जुना स्वभाव आहे आणि तो सवयीने सैल होतो. त्या आयपीएकडे शेवटी येते.

आधी माझा अनुभव सांगते. माझ्या पहिल्या बिअर वीकला मी एका संध्याकाळी नऊ टेस्टर, म्हणजे चाखण्यापुरते छोटे ग्लास, घेतले. सुरुवातच केली ती अकरा टक्के अल्कोहोलच्या इम्पीरियल स्टाऊटने, म्हणजे जड, काळ्या बिअरने, कारण सगळ्यात लांब रांग तिथे होती. त्यानंतर घेतलेली पिल्सनर (फिकट लागर) मला निव्वळ पाणी वाटली. ती चांगलीच असणार, पण माझ्या जिभेवर करपवलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) आणि अल्कोहोलचा थर बसला होता, त्यातून तिला वाट मिळाली नाही. घरी आले तेव्हा नऊ नावं आठवत होती, चव एकीचीही नाही. पैसे गेले त्यापेक्षा त्याचं वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा नियम ठरलाय. एका संध्याकाळी चारच बिअर, त्याही जोडीजोडीने. जोडी अशी निवडायची की दोन बिअर बऱ्याच बाबतींत सारख्या असाव्यात आणि एकाच गोष्टीत वेगळ्या. एकटी बिअर चाखली तर आपण फक्त ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ एवढंच म्हणू शकतो. शेजारी दुसरी ठेवली की काय वेगळं आहे ते जीभ आपोआप शोधायला लागते.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते गव्हाच्या बिअरच्या जोडीने. एक जर्मन पद्धतीची हेफेवायझन, दुसरी बेल्जियन पद्धतीची विटबिअर. दोन्ही फिकट, दोन्ही गढूळ, दोन्ही गव्हाच्या. ग्लास शेजारी ठेवले तर बघून फारसा फरक कळत नाही. हेफेवायझन नाकाशी नेली आणि पिकलेल्या केळ्याचा वास आला, त्यापाठोपाठ लवंगेचा. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “यात केळं घातलंय का?” तो म्हणाला, “काहीच घातलेलं नाही, सगळं यीस्टचं काम आहे.” केळ्याचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते आयसोअमाइल ॲसिटेट, ही यीस्ट आंबवताना स्वतःच तयार करते. लवंगेचंही तसंच. विटबिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखरच घातलेले असतात. ही पद्धत १९५०च्या दशकात जवळपास नामशेष झाली होती. पिएर सेलिस नावाच्या माणसाने पुढच्या दशकात बेल्जियममधल्या हूगार्डन या आपल्या गावी ती पुन्हा उभी केली.

त्या दिवसापासून माझं यीस्टकडे लक्ष जायला लागलं. बव्हेरियात १५१६ साली बिअरबद्दल जे फर्मान निघालं त्यात पाणी, बार्ली आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) एवढंच लिहिलंय. यीस्टचं नावच नाही, कारण आंबवतं कोण हे कुणाला ठाऊकच नव्हतं. एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून ब्रुअरीत वापरायला सुरुवात झाली ती १८८३मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये, एमिल ख्रिश्चन हॅन्सनच्या कामामुळे. म्हणजे माणसाने हजारो वर्षं बिअर केली आणि तिचा मुख्य कारागीर ओळखला तो अगदी अलीकडे. मला हे फार विलक्षण वाटतं.

दुसरी जोडी काळ्या रंगाची घ्या, म्हणजे रंगाबद्दलचा गैरसमज जाईल. ड्राय स्टाऊट आणि जर्मन श्वार्झबिअर. दोन्ही काळ्या. स्टाऊटमध्ये भाजलेल्या बार्लीचा कोऱ्या कॉफीसारखा कोरडेपणा येतो. श्वार्झबिअर ही लागर आहे, ती बघायला काळी पण घशातून सफाईने उतरते, पावाच्या खरपूस कडेसारखी. आणि दोन्हींची ताकद साधारण चार-पाच टक्क्यांच्या घरात. उलट सोनेरी, नितळ दिसणारी बेल्जियन ट्रिपेल आठ-नऊ टक्क्यांची असते. काळी म्हणजे जड आणि फिकट म्हणजे हलकी, असं समजून घेतलेल्या ट्रिपेलने बऱ्याच जणांची संध्याकाळ लवकर संपते. बोर्डावर टक्के लिहिलेले असतात, ते आधी वाचा.

टक्क्यांचा हिशेब खरंच करून जा. शंभर मिलिलिटरचा टेस्टर इवलासा दिसतो, म्हणून मोजदाद सुटते. दहा टक्क्यांच्या बिअरचे असे तीन टेस्टर म्हणजे जवळपास २४ ग्रॅम अल्कोहोल. चार टक्क्यांच्या अख्ख्या पाइंटमध्ये, म्हणजे ५६८ मिलिलिटरमध्ये, १८ ग्रॅमच असतं. वाइन चाखणारे थुंकून टाकतात, बिअरमध्ये ती रीत नाही. कडवटपणा घोट गिळल्यावर मागून येतो आणि तो किती वेळ रेंगाळतो हेही चवीतच धरतात. तेव्हा सगळं पोटातच जाणार आहे. जेवून जा, दर टेस्टरमागे ग्लासभर पाणी प्या आणि गाडी घरी ठेवा. टेस्टर संपवलाच पाहिजे असंही नाही. तीन घोटांत कळायचं ते कळतं. उरलेली टाकायला संकोच करू नका.

क्रम हलक्याकडून जडाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आंबट बिअर, म्हणजे गोझे किंवा बर्लिनर वाइसं, घ्यायच्या असतील तर मी संध्याकाळच्या सुरुवातीला घेते, पण तिथे एका घोटावर निकाल देऊ नका. पहिल्या घोटाला नुसता आंबटपणाच जाणवतो. तिसऱ्या घोटापर्यंत जीभ रुळते आणि मग गोझेतलं मीठ, धणे कळायला लागतात. ब्रसेल्सच्या परिसरातली लॅम्बिक कुठे नळावर दिसली तर ती संध्याकाळ तिच्यासाठीच ठेवा. ती उकळल्यावर उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात, आणि हवेतल्या व लाकडी पिंपांतल्या रानटी यीस्ट-जिवाणूंवर ती आंबते. एक, दोन, तीन वर्षं मुरलेल्या लॅम्बिक एकत्र करून गूझ होते. तिचा वास पहिल्यांदा दचकवतो, तबेल्यासारखा, ओल्या गवतासारखा. मला आवडायला दोन वर्षं लागली.

चाखायचं कसं, तर आधी नाकाने. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या गुणपत्रिकेत पन्नासपैकी वीस गुण चवीला आणि बारा वासाला असतात. दिसण्याला फक्त तीन. ओतल्या ओतल्या हुंगा, कारण फेसाबरोबर वास झपाट्याने उडतो. ग्लास हलकेच फिरवून पुन्हा हुंगा. मग घोट घ्या, तोंडात सगळीकडे फिरू द्या. जे आठवेल ते आपल्या शब्दांत लिहा. छापील माहितीतलं ‘रेझिन’, ‘स्टोन फ्रूट’ वगैरे बाजूला ठेवा; तुम्हाला आजोळच्या माळ्याचा वास आठवला तर तेच लिहा, पुढच्या वेळी तो शब्द तुमच्या कामी येईल.

बिअर फार गार असेल तर थांबा. अगदी गारेगार पेयात जीभ बधिर होते आणि वासही मोकळे होत नाहीत. पिल्सनर पाच-सहा अंशांना छान लागते, पण इम्पीरियल स्टाऊटला बारा-तेरा अंश हवेत. मी एकदा अशी स्टाऊट घेतली, पहिला घोट राखेसारखा लागला. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून वीसेक मिनिटं गप्पा मारत बसले. मग त्याच ग्लासातून डार्क चॉकलेट, भिजवलेले मनुके, अगदी शेवटी किंचित ज्येष्ठमध असं एकेक वर आलं. बिअर तीच होती.

उन्हातल्या स्टॉलवर याच्या उलट काळजी घ्यावी लागते. हॉप्समधल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की गंधकाचा एक उग्र, जंगली जनावरासारखा वास तयार होतो. पारदर्शक ग्लास भर उन्हात ठेवला तर काही मिनिटांत हे होतं. बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. सावलीत उभे राहा.

न आवडलेली बिअर आणि बिघडलेली बिअर यांत फरक करायला शिका, हेही या आठवड्यात जमेल. जीभ बुळबुळीत करणारा लोण्याचा वास आला तर ते डायअसिटिल नावाचं द्रव्य; ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर ती जुनी होऊन हवा लागलेली; जिथे अपेक्षा नाही तिथे व्हिनेगरचा आंबटपणा असेल तर अनेकदा नळाच्या पाइपांची सफाई राहिलेली असते. हे पाइप दर दोन आठवड्यांनी धुवावेत असं अमेरिकेतली ब्रुअर्सची संघटना सांगते. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. एका स्टॉलवर मला पेल एल लोण्यासारखी लागली. हळूच सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी स्वतः एक घोट घेतला, नळ बंद केला आणि मला दुसरी दिली. नीट शब्दांत सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकून घेतात.

आता तुमची आयपीए. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि मग बिअर कडू होते. हॉप्स तासभर उकळली तर कडवटपणा भरपूर उतरतो, पण वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात. तीच हॉप्स उकळणं थांबल्यावर किंवा थेट आंबवण्याच्या टाकीत घातली तर वास राहतो आणि कडवटपणा बराच कमी येतो. तुम्ही प्यायलात ती बहुधा वेस्ट कोस्ट, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पद्धतीची असावी: नितळ, कोरडी, ठसठशीत कडू. तिची जोडीदार आहे हेझी आयपीए, ओट्स-गव्हामुळे गढूळ आणि मऊ, आंब्या-संत्र्याच्या रसाकडे झुकणारी. अनेकदा दोन्हींत हॉप्सचे वाण सारखेच असतात, घालायची वेळ वेगळी.

पण तिथे थेट उडी मारू नका. पहिल्या दिवशी पिल्सनर घ्या, ती तुमच्या ओळखीच्या लागरची आजी आहे. १८४२ साली आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झनमध्ये जोसेफ ग्रोलने केलेली फिकट लागर हीच त्या सगळ्यांची सुरुवात. तिच्यात झाटेक भागातल्या हॉप्सचा गवती, मसालेदार वास शोधा. तिच्याशेजारी कास्केड हॉप्स घातलेली पेल एल ठेवा, म्हणजे ग्रेपफ्रूटची साल लगेच नाकात भरेल. दोन दिवस असे गेले की तिसऱ्या दिवशी हेझी, आणि तिच्याबरोबर वेस्ट कोस्ट. बोर्डावर आयबीयूचा आकडा दिसेल, त्याला घाबरू नका. तो कडू द्रव्यं किती आहेत ते सांगतो, किती जाणवतील ते नाही; साठ आयबीयूची गोडसर स्टाऊट मवाळ लागू शकते. त्यापेक्षा ब्रुअर समोर असेल तर विचारा की ही केगमध्ये (पिंपात) कधी भरली. हॉप्सचा वास आठवड्या-आठवड्याने विरत जातो, आणि जुन्या आयपीएत कधी कधी नुसता बोथट कडवटपणाच मागे राहतो. तुमच्या वाट्याला तेव्हा तशीच आली असण्याची शक्यता आहे.

ताजी घेऊन, जोडीने घेऊनही आयपीए नाहीच आवडली तर खुशाल सोडून द्या. चौथ्या दिवशी गव्हाची जोडी घ्या, आणि केळ्याचा वास येतो का ते बघा.