सोलरची वीज विकायची कोणाला?

भाऊ, सोलर प्लांट टाकून वीज विकायची म्हणतोस तर पॅनलचं कोटेशन राहू दे बाजूला, आधी वीज घेणार कोण ते ठरव. काटोलकडे जमीन आहे अन् मंडळी पैसे टाकायला तयार आहेत, तर पहिले पीएम-कुसुमचा, म्हणजे शेतकऱ्यांसाठीच्या केंद्राच्या सोलर योजनेचा, कंपोनंट ए बघ, ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट, शेतकरी गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायत कोणीही लावू शकते अन् वीज महावितरण २५ वर्षांच्या करारावर घेते. रेट कमी वाटते पण गिऱ्हाईक शोधत फिरा लागत नाही ना राजा. सबस्टेशन जवळ पाहिजे मात्र, नाहीतर लाइनच्या खर्चातच जीव जाते.

बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपनीला ओपन ॲक्सेसनं, म्हणजे महावितरणच्या तारांवरून पण थेट, विकली तर रेट चांगला, २०२२ च्या नियमांनी घेणाऱ्याच्या मंजूर लोडची किमान मर्यादा १०० किलोवॅटवर आली, पण व्हीलिंग (तारा वापरायचं भाडं), क्रॉस सबसिडी सरचार्ज (गिऱ्हाईक महावितरणला सोडून बाहेरून वीज घेते म्हणून लागणारा आकार) हे सगळं वजा करून मगच हिशोब मांड. सरचार्ज वाचवायचा तर ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे प्लांटमध्ये वीज वापरणाऱ्यांची मालकी किमान २६ टक्के अन् वर्षाला ५१ टक्के वीज त्यांनीच वापरायची. कंपनीनं मधेच शिफ्ट कमी केली अन् वापर घसरला तर त्या वर्षी सगळ्याच युनिटवर सरचार्ज बसते, म्हणून नुकसान कोण भरणार हे करारात लिहूनच घे.

अन् सोसायटीच्या छतावरचं नेट मीटर, जे छतावर बनलेली वीज आपल्या वापरातून वजा करते, ते म्हणजे विक्री नाहीच, बिलातली वजाबाकी आहे.