'किरणोत्सर्गी कलमीकरण' या शब्दप्रयोगाविषयी

रावेर तालुक्यातील रसायनशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीची पृच्छा आहे. इंधन-विद्युत घटात (हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणाऱ्या घटात) वापरायच्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मवरील कामाचा गोषवारा मराठीत लिहिताना तिने 'किरणोत्सर्गी कलमीकरणाने तयार केलेला पडदा' असे शब्द योजले. मार्गदर्शकांनी 'कलम' हा बागायतीचा शब्द असल्याचे सांगून तो खोडला आणि त्या जागी 'रोपण' सुचवले. या दोहोंपैकी योग्य शब्द कोणता, असे ती विचारते.

माझ्या मते 'कलम' अवश्य राखावा. दोष आहे तो त्याच्या आधीच्या शब्दात.

'रोपण' म्हणजे तयार वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसवणे. त्वचारोपण, वृक्षारोपण ही त्याची ओळखीची रूपे. कलमात मात्र दोन भिन्न जीव एका सांध्यावर एकजीव होतात आणि तरीही आपापले गुण सोडत नाहीत. गावरान बोरीच्या खुंटावर जळगावच्या मेहरूणच्या बोरीचा डोळा (कळी) भरला, तर मुळांचा काटकपणा खुंटाचा राहतो आणि फळ मेहरूणचे येते. प्रयोगशाळेतही नेमके हेच साधायचे असते. फ्लोरिनयुक्त बहुवारिकाची (पॉलिमरची, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या पदार्थाची) फिल्म आम्लाला आणि उष्णतेला दाद देत नाही, पण घट चालण्यासाठी जे प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) पलीकडे जावे लागतात, तेही तिच्यातून जाऊ शकत नाहीत. म्हणून तिच्यावर आधी गॅमा किरणांचा किंवा इलेक्ट्रॉन शलाकेचा मारा करतात. त्यामुळे तिच्या लांब साखळ्यांवरील काही बंध तुटून तेथे मुक्त मूलके (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेली, चटकन जोडली जाणारी टोके) तयार होतात. मग ती फिल्म स्टायरीन या द्रवरूप सेंद्रिय पदार्थाच्या द्रावणात ठेवली की त्या मूलकांपासून पॉलिस्टायरीनच्या फांद्या फुटू लागतात. शेवटी क्लोरोसल्फॉनिक आम्लाची प्रक्रिया करून या फांद्यांवर सल्फॉनिक आम्लाचे गट बसवतात, आणि पाणी शोषून घेतलेल्या त्या गटांच्या आधाराने प्रोटॉन पलीकडे जातात. टिकाऊपणा खुंटाचा, वाहकता फांदीची.

एक भेद मात्र मान्य करायला हवा. पाचर कलमात फांदीची काडी तयार असते, तर येथे फांदी स्टायरीनचा एकेक रेणू जोडत जागच्या जागीच वाढते. म्हणून काडीपेक्षा डोळा भरण्याची उपमा मला अधिक जवळची वाटते, आणि मूलकाच्या जागेला 'डोळा' म्हटल्यास खानदेशातल्या कोणत्याही बागायतदाराला पुढचे सांगावे लागणार नाही. (रावेरसारख्या केळीच्या मुलखात हा प्रश्न उपजावा याचे मला अप्रूप वाटले, कारण केळीवर कलम होतच नाही, ती कंदाने, मुनव्याने किंवा ऊतिसंवर्धित रोपानेच लावावी लागते.)

'कलम' शेतीचा म्हणून शास्त्रात नको, या आक्षेपाला शब्दाचा इतिहासच उत्तर देतो. मूळ अरबी 'कलम' म्हणजे बोरू, लेखणी. तो फारसीतून मराठीत आला आणि कायद्याचे कलम, झाडाचे कलम असे त्याचे अर्थ पसरले. बोरूचे टोक जसे तिरपे तासतात, तशीच कलमाची काडीही तासतात. इंग्रजीतला 'ग्राफ्ट' हा शब्दही लेखणी या अर्थाच्या ग्रीक 'ग्राफिऑन'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला आहे, आणि त्यामागेही टोकदार काडीचे लेखणीशी असलेले साम्यच आहे. म्हणजे तिकडच्या रसायनशास्त्रज्ञांनी बागेतला शब्द संकोच न करता उचलला. आपण का संकोच करावा? 'कलमीकरण' हे लांबट रूप मात्र मला अनावश्यक वाटते. 'कलम करणे' हे क्रियापद आणि 'कलमी आंबा' यातले विशेषण, दोन्ही भाषेत रुळलेली आहेत.

आता 'किरणोत्सर्गी'विषयी. हा शब्द स्वतःहून किरण सोडणाऱ्या पदार्थाचा गुण सांगतो. असे गॅमा किरण ज्यापासून मिळवतात ते कोबाल्ट-60 किरणोत्सर्गी आहे. त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा 1.17 व 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. एवढ्या ऊर्जेने फिल्म किरणोत्सर्गी होत नाही. त्यामुळे 'किरणोत्सर्गी कलम' वाचणाऱ्याला तयार पडदाच किरण सोडतो असे वाटेल, आणि ही चूक केवळ शैलीची नसून अर्थाची आहे. आपल्या शेजारी लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याच कोबाल्टचे किरण देतात. त्या केंद्राला लोक 'विकिरण केंद्र' म्हणतात, त्या कांद्याला किरणोत्सर्गी कांदा कोणी म्हणत नाही. कांद्याला शंभराहून कमी ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा पुरते, फिल्मला हजारो ग्रे लागतात; पण क्रिया तीच, म्हणून शब्दही 'विकिरण' हाच असावा.

'पडदा'ऐवजी 'पटल' बरे. पडदा आड करतो. येथे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांना वेगळे ठेवून प्रोटॉनला वाट द्यायची आहे. शाळेत आपण पेशीच्या बाबतीत 'प्रद्रव्यपटल' शिकतो, तेही असेच निवडून वाट देते. त्यात आणखी एक नेमकेपणा साधता येईल: प्रक्रियेपूर्वी ती 'फिल्म' आणि प्रोटॉन जाऊ लागल्यावर 'पटल'. हा बदल नुसत्या कलमाने होत नाही. फांद्या फिल्मच्या दोन्ही पृष्ठांपासून आत वाढत जातात. त्या मध्यभागी भेटल्या नाहीत, तर आम्लाची प्रक्रिया करूनही मधला कोरडा थर प्रोटॉनची वाट अडवतो.

कलमामुळे फिल्मच्या वजनात झालेली वाढ मूळ वजनाच्या टक्केवारीत सांगतात, तिला 'कलमप्रमाण' म्हणावे: 100 मिलिग्रॅमची फिल्म 125 मिलिग्रॅम झाली, तर कलमप्रमाण 25 टक्के.

तेव्हा गोषवाऱ्यातले वाक्य असे लिहावे: 'फिल्मवर विकिरणाने स्टायरीनचे कलम करून, त्यावर सल्फॉनिक आम्लाचे गट बसवून तयार केलेले कलमी पटल.'