भेट द्यायचीय, पण कुठली? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : लग्नात बाहेरगावच्या पाहुण्यांना हातमागाच्या सोलापुरी चादरी द्यायच्या आहेत. दुकानदार ‘हातमागाचीच आहे’ म्हणतो आणि जीआयचा शिक्का दाखवतो. एवढ्यावर विश्वास ठेवावा का? (जुळे सोलापूर)

उत्तर : जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ते वस्तू कुठली आहे ते सांगतं. ती कुठल्या मागावर विणली, विणणाऱ्याला काय मिळालं, यांपैकी काही त्यात येत नाही. आज बाजारात मिळणारी सोलापुरी चादर सहसा जकार्ड (विणतानाच नक्षी काढणारी यंत्रणा) लावलेल्या यंत्रमागावरची असते. त्यात कमीपणा काहीच नाही, पण तीच ‘हातमाग’ म्हणून जास्त भावात विकली जात असेल तर ती फसवणूक आहे. हातमागाचा दावा असेल तर हातमाग चिन्हाचं लेबल मागा. ही केंद्र सरकारची योजना 2006 पासून आहे.

अस्सल-नक्कल दुकानातच बरीचशी कळते. चादर उलटी करा. जकार्डची नक्षी विणीतच असल्याने मागच्या बाजूला तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. मागची बाजू फिकी, पांढरट दिसली तर ती छपाई आहे. उत्पादकाचं नाव काठात विणलेलं असेल तर चांगलं, कारण शिवलेलं लेबल कुणीही बदलू शकतं. मग दशीतून ताण्याचा (उभा) आणि बाण्याचा (आडवा) असे दोन धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख फुंकरीने उडते. पॉलिएस्टर वितळतो आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. धागे दोन्ही बघायचे, कारण भेसळ बहुधा एकाच बाजूने असते.

मजुरीचं विचारायला संकोचू नका. यंत्रमागावर मजुरी बहुतेक पीसवर असते. कारखान्याच्या विक्री केंद्रातून घेत असाल तर कामगारांना पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आहे का एवढं विचारा. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ कायद्याने लागू होतो. सरळ उत्तर देणारा मालक आणि विषय बदलणारा मालक यांतला फरक दोन मिनिटांत कळतो.

भेटीसोबत एक चिठ्ठी ठेवा: पहिल्या दोन धुण्यांत चादर वेगळी, गार पाण्यात धुवावी. मरून आणि गडद निळा रंग सुरुवातीला थोडा सुटतो, आणि पाहुण्यांचे पांढरे शर्ट गुलाबी झाले की बोल सोलापूरला लागतो.

प्रश्न : टॉवेलवर ‘500 जीएसएम’ लिहिलंय. खरं कसं समजायचं? (अक्कलकोट)

उत्तर : जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. टॉवेल काट्यावर ठेवा. 30 बाय 60 इंची टॉवेलचं क्षेत्रफळ साधारण 1.16 चौरस मीटर, म्हणजे 500 जीएसएमचा टॉवेल 580 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. 450 ग्रॅम भरला तर तो 390चाच आहे. नवा टॉवेल पाणी शोषत नाही म्हणून लगेच वाईट ठरवू नका. दोन धुण्यांत वरचं फिनिश निघतं. सॉफ्टनर मात्र घालू नका, त्याचा थर फासांवर बसतो आणि टॉवेल नुसता पाणी पसरवत राहतो.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला चाळीसजणींना प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत. वाण म्हणून काय द्यावं? (विजापूर रोड)

उत्तर : कापडी पिशवी द्या, पण नावाला नको. पातळ कापडावर संदेश छापलेली पिशवी दोन किलो कांद्यांनी फाटते. जाड मांजरपाट घ्या, 44 इंच पन्ना (रुंदी), 19 मीटर. शिवण्याआधी कापड पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पिशवी पहिल्या धुण्यात आटते आणि शिवण ओढली जाते. वाळलं की 34 इंचांचे 20 तुकडे करा. प्रत्येकातून 15 बाय 34चे दोन भाग निघतात, उरलेल्या पट्टीतून अडीच इंच रुंद आणि 22 इंच लांब असे चार बंद. भाग मधोमध दुमडला की तळाला शिवण येत नाही, त्यामुळे पिशवी तिथे उसवण्याचा प्रश्नच नाही. वरची दुमड दीड इंच ठेवा. पिशवी जाते ती बंदापाशी: बंद दुमडीच्या आत घालून चौकोन आणि त्यात फुली अशी शीव मारायची. बचत गटाकडून शिवून घेणार असाल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापड द्या आणि शिलाई नगावर आधी ठरवा. ऐन संक्रांतीत घासाघीस करून वर ‘महिलांना रोजगार दिला’ म्हणणं बरं दिसत नाही.

पिशवीत अर्धा किलो मंगळवेढ्याची ज्वारी घातली तर वाण भरलेलं होतं. शेंगा चटणी द्यायची तर पंधरा दिवसांत संपेल एवढीच, आणि पाकिटावर तारीख व 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक बघून. दाण्याचं तेल खवट व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : वडिलांना घोंगडी द्यायचीय. पंढरपूर-सांगोला भागात मिळते म्हणतात, पण दुकानात सगळ्या सारख्याच दिसतात. (सोलापूर)

उत्तर : सगळ्या अगदी एकसारख्या दिसत असतील तर तिथूनच शंका घ्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं हातकताईचं सूत जाड-बारीक असतं, आणि घोंगडी हाताला टोचते. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, तिचा वास नव्या घोंगडीला येतो. मऊ, झुळझुळीत ‘घोंगडी’ बहुधा ॲक्रिलिक किंवा गिरणीच्या मिश्र लोकरीची. धागा जाळा: लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. काळ्या घोंगडीवर ओला पांढरा रुमाल घासा. काळ्या मेंढीच्या लोकरीचा रंग निघत नाही. रुमाल काळा झाला तर ती रंगवलेली आहे.

वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, लोकर आळून घट्ट गोळा होते. उन्हात झटकून दिली की पुरे. पावसाळ्यात कसर लागते, म्हणून आधी कडक ऊन दाखवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घाला आणि सुती कापडात बांधून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहते.