जर्मनीतील किटा आणि दीड वर्षाची मुलगी : ठाण्याहून निघण्यापूर्वी

येत्या जूनमध्ये घोडबंदर रोडवरचे घर सोडून म्युनिकला आल्यावर दीड वर्षाच्या मुलीला तेथील पाळणाघरात, म्हणजे किटात, निर्धास्तपणे ठेवता येईल का, ती सतत आजारी पडेल का आणि दुपारचे औषध तिला कोण देईल, असे तुम्ही विचारले आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही नौपाड्यातून जर्मनीला आलो तेव्हा आमचा मुलगा साधारण याच वयाचा होता, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे पाळणाघराच्या काकू ओळखीच्या असतात आणि बरेचसे तोंडी सांगून भागते. येथे मात्र मुलाच्या प्रकृतीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट लेखी ठरते. त्यामुळे निम्मी तयारी ठाण्यातच करावी लागते.

सर्वांत आधी लसीकरणाचे कागद. १ मार्च २०२० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला गोवराच्या लशीचा एक आणि दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दोन डोस मिळाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात प्रवेश मिळत नाही. आमच्या फाइलमधल्या एका पानावरचा लशीचा स्टिकर गळून पडला होता, तेथे फक्त डिंकाचा पिवळा डाग उरला होता, आणि शेजारी डॉक्टरांनी लिहिलेल्या कंपनीच्या नावावरून येथील डॉक्टरांना काहीही बोध झाला नाही. शेवटी माझ्या भावाने नौपाड्यातल्या दवाखान्यात जाऊन जुन्या नोंदवहीवरून दाखला लिहून घेतला आणि त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही आत्ताच तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून त्यांच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, प्रत्येक लस कोणत्या रोगावरची आहे ते, तारीख आणि बॅच नंबर लिहून, सही-शिक्क्यासह दाखला घ्या. सरकारी केंद्रात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. तुमच्या मुलीला तो मिळाला नसेल, तर डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच देऊन टाका.

दुसरी गोष्ट सुट्टीची. किटात मुलाला रुळवण्याची एक ठरलेली पद्धत आहे, तिला आइनगेव्योनुंग म्हणतात. बऱ्याच ठिकाणी बर्लिनमध्ये विकसित झालेला क्रम पाळतात. त्यात पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत तासभर तेथेच बसतात, चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन पाहतात, आणि मूल एका ठरावीक ताईच्या कुशीत शांत होऊ लागले की मगच वेळ वाढवत नेतात. याला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी रडणारे मूल काकूंच्या कडेवर देऊन फास्ट लोकल गाठण्याची आपली सवय असल्याने मला हे सुरुवातीला फार लांबण लावल्यासारखे वाटले होते. पण पाचव्या दिवशी गुडघा खरचटल्यावर माझा मुलगा माझ्याकडे न येता त्या ताईकडे धावत गेला, तेव्हा हा वेळ कशासाठी होता ते मला पटले. दुखले-खुपले तर कोणाकडे जायचे हे मुलाला ठाऊक असणे, हीच त्याची खरी सुरक्षितता आहे. म्हणून त्या आठवड्यांत तुम्हा दोघांपैकी एकाची नोकरी सुरू झालेली नसावी.

मुलगी आजारी पडेल का, तर हो, पडेल. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मुलगा सलग दोन आठवडे किटात गेला असे क्वचितच घडले. उलट्या-जुलाब झाले तर ते थांबल्यावर ४८ तास मुलाला घरी ठेवावे लागते, आणि डोक्यात उवा झाल्या तर पहिला औषधोपचार झाल्याशिवाय परत घेत नाहीत. एकदा ऑफिसात महत्त्वाची बैठक होती म्हणून मी सकाळी ताप उतरवण्याचे औषध देऊन त्याला पाठवले. अकरा वाजता किटातून फोन आला. ताप दबला होता, आजार तसाच होता, आणि त्याच्या गटात त्याच्याहून लहान बाळे होती. याचे मला आजही वाईट वाटते. तुम्ही असे करू नका, कारण अशा दिवसांसाठी येथे सोय आहे. सरकारी आरोग्य विम्यात असलेल्या आई-वडिलांपैकी प्रत्येकाला २०२४ पासून प्रत्येक मुलामागे वर्षाला १५ दिवस आजारी मुलासाठी रजा आणि तिचा मोबदला मिळतो. डॉक्टरांचा दाखला मात्र पहिल्या दिवसापासून लागतो. पगार मोठा असेल तर खासगी विमा घेण्याचा पर्याय तुमच्यापुढे येईल, पण त्यात हा मोबदला मिळत नाही, हे ध्यानात ठेवूनच निर्णय घ्या.

औषधाबद्दल. साधे खोकल्याचे औषधही किटातील लोक आपण सांगितले म्हणून देत नाहीत. माझ्या मुलाला दम्याचा पंप लागत असे. त्यासाठी डॉक्टरांनी मात्रा आणि वेळ लिहून दिलेला कागद, आमची लेखी संमती आणि पंप कसा द्यायचा याचे प्रात्यक्षिक, एवढे झाल्यावरच त्यांनी तो ठेवून घेतला. मुलीला अंड्याची, शेंगदाण्याची किंवा कशाचीही ॲलर्जी असेल तर तपासणीचे अहवाल सोबत आणा.

गळ्यातला काळा दोरा आणि लोंबते डूल किटात काढायला सांगतात. घसरगुंडीवर किंवा चढण्याच्या जाळीत दोरा अडकला तर गळफास बसू शकतो, म्हणून हा आग्रह आहे. आजीने बांधलेला दोरा काढताना मन कचरते, तो घरी पाळण्याला बांधून ठेवावा. डब्यात शेंगदाण्याचा चिवडा, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नका, ती श्वासनलिकेत अडकू शकतात.

मुलीला घ्यायला कोण येणार त्यांची नावे आधी लिहून द्यावी लागतात, आणि यादीत नाव नसेल तर सख्खा काका आला तरी मूल त्याच्या हाती देत नाहीत. किटात किंवा वाटेत अपघात झाला तर उपचारांचा खर्च सरकारी अपघात विम्यातून होतो. फक्त डॉक्टरांना तो कोठे झाला ते सांगावे लागते.

घर मिळाले की लगेच बालरोगतज्ज्ञ शोधायला लागा, कारण अनेक डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत. २१ ते २४ महिन्यांच्या वयात होणारी यू ७ ही तपासणी तुमच्या मुलीची येथील पहिली तपासणी ठरेल. तिच्या नोंदी एका पिवळ्या वहीत होतात. त्या भेटीला ठाण्याचा दाखला सोबत न्या आणि जर्मन लसीकरण पुस्तिकेत सगळ्या लशी त्याच दिवशी उतरवून घ्या.