गोल्फसाठी हायब्रिड घ्यावी की फेअरवे वुड?

तुमच्या गोल्फच्या पिशवीत 3 वुड (रुंद डोक्याचा, लांब फटक्याचा क्लब म्हणजे काठी) आणि 5 आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचा क्लब) यांच्यामध्ये एकच जागा शिल्लक आहे आणि पावसाळ्यातही येरवड्याच्या मैदानावर खेळायचे आहे, असे आपण लिहिले आहे. त्या परिस्थितीत मी साधारण 21 अंश लॉफ्टची (लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) हायब्रिड, म्हणजे वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब, सुचवेन.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये रफमधले (फेअरवेच्या, म्हणजे मुख्य आखूड गवताच्या पट्ट्याच्या, कडेचे वाढलेले) गवत ओले आणि दाट होते, तेव्हा वुडचे रुंद डोके त्यात अडकते, तर हायब्रिडचे आटोपशीर डोके आयर्नप्रमाणे वरून खाली येत गवत कापत चेंडूपर्यंत पोहोचते. शिवाय हायब्रिडचा शाफ्ट (दांडा) वुडपेक्षा दोन-एक इंचांनी आखूड असल्यामुळे फटका चेंडूवर नेमका बसवणे सोपे जाते, आणि अडचणीच्या जागेतून बाहेर पडताना हाच गुण मला अंतरापेक्षा मोलाचा वाटतो.

मात्र फेअरवे वुडला कमी लेखू नये. लांब शाफ्ट आणि मागे व खाली असलेला गुरुत्वमध्य यांमुळे 7 वुड (3 वुडपेक्षा जास्त लॉफ्टची फेअरवे वुड) जवळपास तेवढ्याच लॉफ्टच्या हायब्रिडपेक्षा चेंडू सहसा अधिक उंच उडवते, त्यामुळे तो ग्रीनवर (खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) लवकर थांबतो. तुमचा स्विंग सपाट, झाडू फिरवल्यासारखा असेल किंवा हायब्रिडचे फटके सतत डावीकडे वळत असतील (उजव्या हाताच्या खेळाडूंची ही नेहमीची तक्रार आहे), तर 7 वुडच घ्यावी.

खरेदीपूर्वी दोन्ही क्लब सरावाच्या चटईवर नव्हे, तर प्रत्यक्ष गवतावरून मारून पाहावेत, कारण चटईवर चुकीचा फटकाही चांगला भासतो.